कोर्टाच्या राईतला भुईरेडा

बायडाबाईला हळू बोलणं जमत नसे. तिने एखादीच्या कानात सांगितलेली गोष्ट पलीकडच्या डोंगरावरच्या म्हशी मान वर करून ऐकत. कातळवाडीत मोबाईलचा टॉवर उभा राहिला तेव्हा कंपनीच्या माणसाने सहज विचारलं, याआधी तुम्ही एकमेकांना निरोप कसा द्यायचात? अख्ख्या वाडीने बायडाबाईकडे बोट दाखवलं. तिने त्याला चहा विचारला, आणि खालच्या गावातली दोन माणसं चहाला वर आली.

अशा बाईच्या नशिबी भुईरेड्याची शेती यावी, ही देवाची गंमत.

भुईरेडा म्हणजे कोनफळच. पण मंगळवार पेठेतल्या भाजीवालीकडे उपासाला मिळतं ते कोनफळ आणि भुईरेडा यांच्यात मांजर आणि वाघाइतकं नातं. वरून काळा, सुरकुतलेला, राठ केसांचा. कापला की आत जांभळा, देवीच्या लुगड्यासारखा. शाहूवाडीच्या डोंगरात कातळवाडीखेरीज तो कुठेही होत नसे, आणि वाडीत त्याच्याविषयी दोन नियम होते. तो जमिनीत असेतो त्याचं नाव घ्यायचं नाही; ‘पावणा’ म्हणायचं. आणि काढताना कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. कारण त्याला कान असतात. माणसाचा आवाज आला की चिखलात बसलेल्या रेड्यासारखा तो खाली सरकतो, आणि मग हाती फक्त खड्डा लागतो.

त्यामुळे पौषात पावणा काढायच्या दिवशी बायडाबाई तोंडात अख्खी सुपारी धरून शेतावर जात असे. तिचा नवरा होता तोवर म्हणायचा, दिवाळी-दसरा काय, येतो आणि जातो. आपला खरा सण पौषात.

पूर्वी हे सगळं कुमरीवर, फिरत्या शेतीवर, चाले. डोंगराचा एक पट्टा निवडायचा, फांद्या तोडायच्या, वाळल्या की भाजायच्या, राखेत नाचणी-वरी टाकायची आणि उभ्या ठेवलेल्या झाडांच्या बुडाशी भुईरेड्याच्या मुंडीच्या, म्हणजे वेलाकडच्या टोकाच्या, फोडी लावायच्या. वेल झाडावर चढे, पावणा खाली उतरे. काढला की मुंडीची एक फोड त्याच खड्ड्यात ठेवायची, तो रानाचा वाटा. बाकीच्या फोडी घेऊन पुढच्या पट्ट्यावर जायचं. मागचा पट्टा पुन्हा रान होईतो त्या पट्ट्यावर रांगलेली पोरं बाप झालेली असत.

मग वर अभयारण्य झालं, खाली धरणाचं पाणी आलं, मधल्या डोंगरावर कुणी तरी काजू लावले आणि कुणी तरी रिसॉर्ट. फिरायला जागा उरली नाही. रान होतं तिथेच होतं, पण त्याला दार लागलं होतं आणि दारात खाकी चड्डीतला माणूस बसला होता.

वाडीने हात जोडून बसायचं नाही असं ठरवलं. कुणी सिमेंटच्या पोत्यांत माती भरून भुईरेडा लावला. तो पोत्यात मुळ्याएवढा झाला आणि रुसल्यासारखा वाकडा निघाला. आकारामने सरळ मोबाईलच्या टॉवरच्या पायाशी फोड लावली. वेल टॉवरवर असा काही चढला की त्या पावसाळ्यात वाडीची रेंज गेली, आणि आकारामला फोन करून ओरडायची कंपनीची सोय राहिली नाही. शेवटी माणसं पाठवून त्यांनी वेल मुळासकट उपटला. कुणाची मुंडी उंदरांनी नेली, कुणाची कुजली. भुईरेड्याला नुसती माती चालत नाही. निजलेली माती लागते. वर्षानुवर्षं नांगर न लागलेली, पाला खाऊन फुगलेली, आणि वर चढायला जितंजागतं झाड.

शेवटी साऱ्या वाडीत मिळून एकच मुंडी उरली. ती बायडाबाईच्या घरात, चुलीच्या वरच्या फळीवर, राखेच्या गाडग्यात होती. बायडाबाई रोज तिच्याकडे बघे आणि तिच्या मानाने हळू म्हणे, “दम धर गं बाई.” शेजारीपाजारी दम धरत.

त्याच चैत्रात ती वारणानगरला भाचीच्या साखरपुड्याला निघाली. वडापच्या जीपमध्ये खिडकीशी बसली होती. दोन्ही बाजूंना ऊस, ऊस आणि ऊस. एवढा की उसालाही कंटाळा आला असावा. आणि त्या उसाच्या मधोमध अचानक एक राई दिसली. करवंदीच्या जाळ्या, घाणेरी, पळस, बांबूचं बेट, आणि सगळ्यांच्या डोक्यावर मान काढून उभं असलेलं एक अवाढव्य जांभूळ. जणू डोंगरातला एक तुकडा बाजाराला म्हणून उतरला आणि वाट चुकून इथेच बसला.

“गाडी थांबीव!” बायडाबाई म्हणाली. गाडी थांबली. मागून येणाऱ्या दोन गाड्याही थांबल्या.

“काय झालं, मावशी?”

“ही राई कुणाची?”

“कोर्टाची,” ड्रायव्हर म्हणाला.

“हे कोर्ट म्हंजी कुठल्या गावचं पाटील?”

ड्रायव्हरने समजावलं. दोघा भावांचा दावा होता. बांधावरचं जांभूळ कुणाच्या हद्दीत, यावरून सुरू झालेला. बाप गेला तेव्हापासून जमिनीत नांगर घालायला मनाई होती. “ह्या माळावर काय बी उगवू दे, मावशी, पर माणसानं पिकवायचं न्हाई.”

बायडाबाई साखरपुड्याला पोचली, पण तिने नवरदेवाचं तोंड पाहिलं की नाही, हे तिलाही सांगता आलं नसतं. जेवणाच्या पंगतीत ती मुलाला म्हणाली, “पिराजी, सरकारनं रान बंद केलं. पर भाऊबंदकी कुठं बंद केलीया?”

पिराजी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला होता. तिथल्या आवाजात दिवसभर हातवाऱ्यांनी बोलायची सवय लागल्यामुळे तो बोलायचा कमी आणि विचार जास्त करायचा. त्याने विचार केला, जिलेबी संपवली आणि म्हणाला, “आये, ह्या जिल्ह्यात रान कमी पडंल. दावं न्हाई कमी पडायचं.”

पंगतीत बसल्या बसल्या मायलेकांना सारं दिसलं. दावा लागला की जमीन निजते. निजली की रान होतं. निकाल लागेतो एक भुईरेडा सहज निघतो. निकाल लागला की उठायचं, पुढच्या दाव्यात जायचं. कुमरीच ही. फक्त डोंगराच्या जागी भाऊ.

थोरला भाऊ उदयसिंह पाटील. बायडाबाईने त्याला विचारलं, “पाटील, तुमच्या राईत एक फोड लावू का? नांगर न्हाई घालणार. कुदळीनं.”

“लाव की,” तो म्हणाला. “फकस्त त्याच्या हद्दीत लाव.”

धाकटा पृथ्वीराज. त्यालाही विचारलं.

“बिनधास्त लावा, मावशी. त्याच्या अंगाला लावा.”

दोघांच्याही परवानग्या मिळाल्यावर बायडाबाईने मुंडी बरोबर मधोमध, जांभळाच्या बुडाशी लावली. फळीवरची अख्खी मुंडी तिथे गेली. मागे काही राखलं नाही. लहान फोडी करून तिचा जीव आणखी वाटायची तिची छाती झाली नाही. मूठभर पाला भाजून राख घातली, पाणी घातलं, आणि तोंडात सुपारी धरून ती वडापमध्ये बसली.

वेल आषाढात जांभळाच्या पहिल्या फांदीवर होता. श्रावणात तो दिसेना, कारण तो शेंड्यावर जाऊन पलीकडे उतरत होता. भादव्यात बुडाशी जमिनीला फुगवटा आला. बायडाबाई दर बाजाराला येऊन त्या फुगवट्यावर हात ठेवी. जमीन कोमट लागे. दिवस राहिलेल्या लेकीच्या पोटावर ठेवावा तसा तिचा हात आपोआप हलका होई. एकदा पिराजीने हात ठेवला आणि झटक्याने मागे घेतला. फौंड्रीत वितळलेल्या लोखंडाशेजारी उभा राहणारा माणूस तो. हातानेच त्याने आईला विचारलं: हे काय आहे?

आईने खांदे उडवले. तिलाही ठाऊक नव्हतं.

आणि मग दिवाळीत सत्यानाश झाला. भावांचं पटलं.

बहिणीने, आक्काने, भाऊबीजेला दोघांना एका पाटावर बसवलं. एका ताटात जेवू घातलं. करंजी एकच वाढली. ती मोडून थोरल्याने अर्धी धाकट्याला दिली, आणि इतकी वर्षं वकिलांना जे जमलं नव्हतं ते खोबऱ्याच्या सारणाने केलं. दोघे गळ्यात पडून रडले. ठरलं असं: तुळशीचं लग्न झालं की जांभूळ तोडायचं, लाकूड निम्मं निम्मं घ्यायचं, म्हणजे भांडणाचं मूळच जाईल. मग जमीन वाटून ऊस लावायचा.

हे बायडाबाईच्या कानावर आलं. वेल अजून हिरवागार होता. वेल आपणहून वाळल्याशिवाय मुंडी पिकत नाही. कोवळी मुंडी लावली तर कुजते. पौष लांब होता. झाड पडलं तर वेल पडला, वेल पडला तर मुंडी गेली, आणि ती गेली की या पृथ्वीवर भुईरेडा नाही. वाडीत सांगायला एक गोष्ट उरेल, आणि कातळवाडीच्या गोष्टींवर आधीच कुणी विश्वास ठेवत नाही.

ती तडक उदयसिंहाकडे गेली.

“थोरलं पाटील, कानावर आलं ते सांगती. धाकलं म्हणत हुतं, बुंधा माझा, दादाला फांद्या.”

“घेऊ दे की,” उदयसिंह म्हणाला. डोळे पाणावले होते. “ल्हान हाय त्यो.”

ती पृथ्वीराजकडे गेली.

“धाकलं पाटील, रागावू नगा, पर थोरलं म्हणत्यात, पिर्थ्याला झाडातलं काय कळतंय.”

“खरंच न्हाई कळत, मावशी,” पृथ्वीराज म्हणाला. “दादाला सगळं कळतंय. आमचं बाप हाय त्यो आता.”

बायडाबाई रस्त्यावर येऊन उभी राहिली. “ह्या जिल्ह्याचं काय खरं न्हाई,” ती आभाळाला म्हणाली. उसातले बगळे उडाले.

आता एकच वाट होती. झाड पडायच्या आधी पावणा सबंध उकरायचा, भोवतालच्या मातीसकट, वेलासकट पोत्यात गुंडाळायचा आणि उचलून दुसऱ्या दाव्यात न्यायचा. नदीपलीकडे एका सासू-सुनेचा दावा होता. तो निदान एक पिढी टिकेल असा पिराजीचा अंदाज होता. असं जिवंत हलवलेलं कोनफळ कधी जगल्याचं बायडाबाईने ऐकलं नव्हतं. पण न जगल्याचंही ऐकलं नव्हतं, कारण इतका येडेपणा कुणी केलाच नव्हता.

झाड तोडायच्या दिवशी पहिल्या वडापने मायलेक आले. थंडी होती. बायडाबाईने सुपारी तोंडात टाकली, पदर खोचला आणि कुदळ उचलली. फुगवट्याच्या कडेकडेने माती सारायला लागले.

थोड्या वेळाने तौसीफ आला. हा लाकूडतोड्या, पन्हाळ्याच्या पायथ्याचा, खांद्यावर कटर मशीन, कमरेला दोर. त्याने लांबूनच हळू विचारलं, “मावशी, काय हरवलंय?”

बायडाबाईने ओठांवर बोट ठेवलं.

“कोण झोपलंय का?”

तिने खाली बोट दाखवलं. तौसीफने खड्ड्याकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मशीन खाली ठेवून डोक्याला रुमाल बांधला. मग काही न बोलता फावडं घेऊन खड्ड्यात उतरला. पोरगा वळणाचा होता.

त्यानंतर दोघे भाऊ आले. एकाच मोटारसायकलवर, मोठ्याने हसत. राईत शिरले आणि पाहतात तर तिघं मान खाली घालून खड्डा खणताहेत. एकाच्या डोक्याला रुमाल. बाई तोंडात काही तरी धरून घामाने निथळतेय. कुणी बोलत नाही. उदयसिंहाने टोपी काढली. पृथ्वीराजने हळूच चपला काढल्या. दोघे हात बांधून उभे राहिले.

रस्त्यावरून ऊस भरलेल्या बैलगाड्या चालल्या होत्या. पहिल्या गाडीवाल्याला राईत टोपी काढलेले पाटील दिसले. त्याने कासरा ओढला. मागच्या गाड्या थांबल्या. माणसं उतरून राईत आली आणि मागे ओळीने उभी राहिली. दुधाच्या गाडीवाला आला, शाळेचे मास्तर आले. कुणी तरी मागच्या मागे हाताने विचारलं, कोण? पुढच्याने खांदे उडवले आणि हात डोक्याच्या वर उंच नेले: ठाऊक नाही, पण मोठं माणूस असणार. थोड्या वेळाने हार आला. हार कुणी मागवला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. एक म्हातारी पदराने डोळे पुसत होती, आणि तिचं रडणं खरं होतं.

बायडाबाईचं या कशाकडे लक्ष नव्हतं. कारण माती बाजूला होत होती आणि पावणा दिसत होता. तो संपत नव्हता.

आधी पाठ दिसली. काळी, सुरकुतलेली, ओली. कोवळ्या उन्हात तिच्यातून वाफ निघत होती. वासराएवढी पाठ. बायडाबाई खूश झाली. मग आणखी माती निघाली आणि पाठ म्हशीएवढी झाली. तिची खुशी थांबली. तौसीफने वाकून एका बाजूची माती ओढली, तर तिकडून मांडीएवढा एक हात निघून उदयसिंहाच्या हद्दीच्या अंगाला गेलेला. पिराजीने दुसरी बाजू ओढली. तसाच हात पृथ्वीराजच्या अंगाला. जांभळाची मुळं त्याच्या अंगावरून अशी गेली होती जशी आजाच्या अंगावर नातवंडं लोळावीत. आणि खाली, सगळ्याच्या खाली, अजून तो होताच. तिघांनी मिळून जिथे जिथे हात घातला तिथे तिथे तो होता. मधेच त्या काळ्या पाठीवरून मातीचं एक ढेकूळ आपोआप घरंगळलं, जसं झोपेत कुणी अंग हलवावं.

राईत एवढी माणसं उभी होती, पण कुणाचा श्वास ऐकू येत नव्हता. मास्तरांनी हात जोडले होते. बैलांनी रवंथ थांबवला होता.

बायडाबाईला सासू आठवली. सासू एकदा म्हणाली होती, “आमच्या आज्यानं ज्यो काढला हुता त्याच्यावर बसून पाच जणं जेवली.” तिने तेव्हा मान डोलावली होती आणि मनात म्हटलं होतं, म्हातारी फेकतीया. तिने आता त्या ओल्या काळ्या पाठीला दोन्ही हात लावले. तिला माफी मागायची होती, पण तोंडात सुपारी होती.

हा उचलून नेण्यातला नव्हता. सासू-सुनेच्या दाव्यात तर मावलाही नसता.

इथे उदयसिंहाने पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याची नजर एका हातावरून दुसऱ्या हाताकडे गेली. त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग खड्ड्याकडे दाखवलं.

पृथ्वीराजने मान हलवली. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

उदयसिंहाने बांधाची रेघ हवेत काढली. पृथ्वीराजने ती पुसली आणि हातभर पलीकडे काढली. उदयसिंहाने वर आभाळाकडे बोट केलं. पिराजीला ही भाषा रोजची होती, त्याला कळलं की स्वर्गवासी वडिलांना साक्षीला बोलावलंय. पृथ्वीराजनेही आभाळाकडे बोट केलं आणि मग त्याच बोटाने कपाळ ठोकलं. म्हणजे वडिलांचा सगळा लाड तुझ्यावरच होता. उदयसिंहाने करंजी मोडल्याची खूण केली आणि अर्धी परत मागितली. दोघांचे चेहरे जांभळासारखे झाले, गळ्याच्या शिरा फुगल्या, पण एवढ्या लोकांसमोर, अशा प्रसंगी बोलायचं कसं? इतक्या वर्षांत एवढं मोठं भांडण त्यांचं झालं नव्हतं, आणि त्यात ब्रसुद्धा उच्चारला गेला नाही.

शेवटी उदयसिंहाने तौसीफकडे वळून हाताने उभा वार केला. मधोमध. निम्मं निम्मं.

पृथ्वीराजने तावातावाने मान डोलावली. चालेल!

तौसीफ बिचारा मजुरीचा माणूस. त्याने दोघांकडे पाहिलं, मशीन उचललं आणि दोरी ओढली. मशीन गुरगुरलं. त्याने ते त्या काळ्या पाठीवर धरायला म्हणून पाऊल टाकलं. बरोबर मधोमध, आणि मधोमध मुंडी होती. वेलाच्या बुडाशी, अजून कोवळी.

बायडाबाईपुढे दोन गोष्टी होत्या. बोलली तर पावणा जाणार. नाही बोलली तर कापला जाणार.

तिने सुपारी थुंकली.

“थांऽऽऽब!”

हा आवाज पन्हाळ्यावर ऐकू गेला असं पन्हाळ्यावरचे लोक सांगतात. वारणानगरात एका घरात कपाटावरचं भांडं पडलं. बैल उधळले, हार ज्याच्या हातात होता त्याच्याच गळ्यात पडला, आणि तौसीफच्या हातातलं मशीन आपणहून बंद झालं.

मग खालून आवाज आला. खोल, ओला, पोट भरल्यावर रेड्याने सोडावा तसा सुस्कारा. आणि भुईरेडा खाली गेला.

सगळ्यांच्या देखत गेला. ती काळी पाठ घाईगडबड न करता, मानाने, मातीत उतरली. दोन्ही हात आत ओढले गेले. कडेची माती सावकाश घसरून वर आली आणि खड्डा बुजला. राहिला तो जांभळावरचा हिरवा वेल, किंचित ताणलेला. खाली पोकळी असणार, माती ढासळली असणार, असं तौसीफ पुढे कितीतरी जणांना सांगे. पण ते सांगताना तो कुजबुजत असे.

मग उदयसिंह म्हणाला, “माझ्या अंगाला गेला.”

“डोळं फुटलं काय?” पृथ्वीराज म्हणाला. “माझ्या अंगाला गेला. म्या बघितलं.”

“कोर्टात बघू!”

“बघूच!”

वकिलांना आनंद झाला. पण जमिनीखालचा पावणा नेमका कुणाच्या बाजूला आहे हे जमीन उकरल्याशिवाय कळणार नव्हतं आणि तो कुणाचा हे ठरल्याशिवाय जमीन उकरता येणार नव्हती. कोर्टाने यावर शांतपणे विचार केला आणि हुकूम दिला: जैसे थे. झाड जैसे थे, वेल जैसे थे, माती जैसे थे. पिराजीने हे दोन शब्द घरी येऊन सांगितले तेव्हा बायडाबाईने ते पुन्हा म्हणवून घेतले. आरतीतही इतके गोड शब्द तिने ऐकले नव्हते.

पण रात्रंदिवस एकच काळजी. झाड वाचलं, वेल वाचला. पण ती ओरडली होती. पावणा किती खोल गेला असेल? आणि मुंडी त्याच्याबरोबर गेली असेल तर?

इकडे भावांचा एकमेकांवर विश्वास उरला नव्हता. दुसरा येऊन गुपचूप उकरेल या भीतीने थोरला रोज सकाळी राईत येऊन बांधाच्या अल्याड घोंगडी टाकून बसे. धाकटा पल्याड पोत्यावर बसे. मधे जांभूळ. दोघांत अबोला. उन्हं उतरेपर्यंत दोघे त्या मातीकडे बघत बसत. ती पाठ दोघांनीही पाहिली होती आणि दोघांनाही ती दुसऱ्या कुणाला सांगता येत नव्हती. सांगायला गेलं की ऐकणारा हसे. जगात ते समजणारा माणूस प्रत्येकाला एकच होता, आणि तो बांधापलीकडे तोंड फिरवून बसलेला. मार्गशीर्षात थंडी वाढली. एके दिवशी थोरल्याने शेकोटी अशी पेटवली की तिची ऊब पलीकडेही जाईल. बोलला मात्र नाही.

पौषात वेल पिवळा पडला, मग वाळला, आणि वाऱ्यावर खुळखुळायला लागला. बायडाबाई आणि पिराजी आले. तिच्या तोंडात सुपारी होती आणि हातात कुदळ, पण पाय जड झाले होते. आता कुठवर खणायचं, पाताळापर्यंत?

जांभळापाशी येऊन ती थबकली.

जमिनीला तडा गेला होता. आणि तड्यातून, कुणी न बोलावता, काळी पाठ वर आली होती. गुडघाभर. उन्हाला बसलेली. तिच्यावर एक खार निवांत बसून काही तरी खात होती.

ती दोघा भावांकडे बघत राहिली. कार्तिकापासून इथे रोज दोन माणसं येऊन बसली होती आणि दोघांनी मिळून एक शब्द उच्चारला नव्हता. भुईरेड्याच्या साऱ्या वंशात त्याला इतकी शांतता कुणी दिली नसेल.

हुकूम मोडायचा नव्हता. पण उकरायचं कारणच उरलं नव्हतं. बायडाबाई गुडघ्यावर बसली. कोयत्याने मुंडी हलकेच मोकळी केली. पिकलेली होती, टणक, जड, अंगावर डोळेच डोळे. एक फोड तिने तड्यात परत ठेवली, रानाचा वाटा. उरलेली पदरात गुंडाळून पोटाशी धरली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नाकही वाहत होतं.

उदयसिंह उठून जवळ आला. पृथ्वीराजही आला. दोघांनी वाकून त्या पाठीला हात लावला, एकाच वेळी, आणि हात कुणीच काढेना. थोरल्याचे ओठ हलले. पण त्याने बायडाबाईकडे पाहिलं आणि ते परत मिटले. धाकटाही घुम्यासारखा तिच्याकडेच बघत होता.

बायडाबाईला आत्ता उमगलं की हे दोघे भांडणामुळे गप्प नव्हते. निदान आता तरी नव्हते. पावणा खाली जाईल म्हणून गप्प होते.

तिने पदरातली मुंडी एकदा चाचपली. मग सुपारी हातात काढून घेतली, छाती भरून श्वास घेतला.

“आता बोला की रं एकदाचं!”

खार पळाली. पन्हाळ्यावरच्या लोकांनी माना वळवल्या. भुईरेडा हलला नाही.

शेवटी पृथ्वीराजने घसा खाकरला. त्या काळ्या पाठीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत तो म्हणाला, “दादा, ह्यो शिजवायचा कशात?”

उदयसिंहाने गंभीरपणे विचार केला.

“काकवीची काहील हाय बापाची,” तो म्हणाला. “माळ्यावर. कुणाच्या वाट्याला आलीया, ते बगाय लागंल.”

बायडाबाईने पिराजीचा दंड धरला आणि त्याला झपाझप रस्त्याकडे ओढलं. वडाप येताना दिसत होती. नदीपलीकडची सासू अजून खमकी होती, आणि सूनही.